दुसरा माणूस

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका अभियंत्याला अर्धा सेकंद खटकला. आंद्रेस फ्रॉइंड हे त्यांचं नाव. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर. डेबियन लिनक्सच्या ताज्या, अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर ते काही चाचण्या घेत होते. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जगभर एसएसएच वापरतात. त्याचं लॉगिन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेत होतं. एखाद्याने सोडून दिलं असतं. फ्रॉइंड यांनी माग काढला आणि ते ‘एक्सझेड’पाशी पोचले. फाइली दाबून लहान करणारं हे एक छोटं सॉफ्टवेअर. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आडून, कुणीतरी चोरदार बसवलं होतं. या आवृत्त्या सगळीकडच्या सर्व्हरवर गेल्या असत्या तर त्या दाराची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात पडली असती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं आणि लिनक्सच्या वितरणांनी त्या आवृत्त्या घाईघाईने मागे घेतल्या.

बातम्यांत हे प्रकरण हेरकथेसारखं आलं. मला त्याच्या आधीचा संथ भाग जास्त अस्वस्थ करतो. एक्सझेड वर्षानुवर्षं फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकट्याने सांभाळत होते, बिनपगारी, स्वतःच्या वेळात. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदत पाठवू लागलं. लहान दुरुस्त्या, नीटनेटक्या. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावांनी तगादा सुरू केला : काम रेंगाळतंय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे सोपवा. जूनमध्ये कॉलिन यांनी उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे मर्यादा येतात, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही लक्षात असू द्यावं, असा त्याचा आशय होता. जिया टॅनकडे पुढे मोठी जबाबदारी येऊ शकते, असंही त्यांनी सुचवलं. तसंच झालं. तगादा लावणारी ती नावं पुढे गायब झाली. जिया टॅन कोण हे आजवर उघड झालेलं नाही.

दमलेल्या माणसाला सोबत हवी होती आणि घात सोबतीच्या रूपाने आला. तेव्हा कुणी खरा दुसरा माणूस तिथे का नव्हता, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सर्वांचं’ हा विषय दिला, तेव्हा ही माणसं कशी टिकतात हे जवळून बघायचं मी ठरवलं.

मांडव सोडणारी माणसं

ओपन सोर्स म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. खरं तर हा परवान्याचा प्रकार आहे. कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, बदललेला पुढे द्यावा, एवढी मुभा तो परवाना देतो. हा कोड उद्या कोण सांभाळणार, याबद्दल त्यात अक्षर नसतं. उलट ‘जसं आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही’ असं बहुतेक परवान्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. बँकांचे सर्व्हर, तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन, घरातला वायफायचा डबा, सगळं अशा कोडवर चालतं. आपल्या गणपती मंडळांत आरतीला गर्दी असते आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला तीच चार माणसं येतात. ओपन सोर्समध्ये या चार माणसांना मेन्टेनर म्हणतात. पुष्कळदा चारही नसतात.

असे एक गृहस्थ पुण्यात कोथरूडला राहतात. नाव छापू नका म्हणाले. दिवसा नोकरी करतात आणि रविवारी सकाळी, घरातले उठायच्या आत, स्वतःच्या लायब्ररीचं काम घेऊन बसतात. इथे लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांना जोडून वापरायचा तयार कोड. त्यांची लायब्ररी वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या तारखा ओळखून त्या एका साच्यात आणते. नोकरीतली एक अडचण सोडवण्यासाठी लिहिली होती, मग उघडी केली.

मी शेजारी बसून बघत होते. पहिल्या इश्यूत, म्हणजे वापरणाऱ्याने नोंदवलेल्या तक्रारीत, एकाने दोन ओळींत कळवलं होतं की तारीख चुकते. कुठली तारीख, कुठली आवृत्ती, काहीच नाही. त्यांनी ते विचारलं. दुसरा इश्यू एका मोठ्या कंपनीतल्या अभियंत्याचा : आमची यंत्रणा बंद पडली आहे, तातडीने दुरुस्त करा. सूर हाताखालच्या माणसाशी बोलावा तसा. त्यांनी खुर्चीत मागे रेलून दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग शांतपणे लिहिलं की ही चूक मागच्या आवृत्तीतच दुरुस्त झाली आहे, नवी घ्या. तिसरी एक पुल रिक्वेस्ट होती, म्हणजे बाहेरच्या कुणी बदल करून ‘हा तुमच्यात घ्या’ म्हणून पाठवलेला. बदल चांगला होता, पण घेतला असता तर नेपाळच्या विक्रम संवताच्या तारखा बिघडल्या असत्या. हे समजावून सांगणारं उत्तर लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

“कोड लिहायला आठवड्यात तासभर मिळाला तरी खूप,” ते म्हणाले. “बाकी सगळी उत्तरं. आणि ‘नाही’ म्हणायचं ते असं म्हणायचं, की माणूस परत आला पाहिजे.”

जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचीही याहून फार वेगळी कथा नाही. इंटरनेटवरून माहिती आणणारं ‘कर्ल’ हे साधन स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळताहेत. ते मोटारींतल्या पडद्यामागेही असतं आणि परवान्याच्या मजकुरात त्यांचा ईमेल पत्ता येतो. त्यामुळे गाडीचा नकाशा चालत नाही म्हणून कुठले कुठले गाडीमालक त्यांना पत्रं पाठवतात. २०२१ मध्ये एकाने जिवे मारण्याची धमकीही दिली. अलीकडे त्यांच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, सुरक्षेतली त्रुटी सापडल्याचा आव आणणारे खोटे अहवाल येतात. दिसायला ते चोख असतात, म्हणून प्रत्येक शेवटपर्यंत तपासावा लागतो. पाठवणाऱ्याचं एक मिनिट जातं, तपासणाऱ्याची दुपार जाते.

पैशाचं काय, असं कुणीही विचारेल. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही चूक सापडली तेव्हा लोकांना कळलं की इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार ज्याच्या भरवशावर चालतात त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. आपल्याकडे झिरोधा या शेअरदलाली कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा फ्लॉस फंड जाहीर केला. हे व्हायलाच हवं, आणि आणखी व्हायला हवं. पण पैशाने त्याच माणसाला जास्त वेळ मिळतो. त्याच्या शेजारी दुसरा माणूस आणून बसवायचं काम तरीही उरतं.

‘रिस्पेक्टेड सर’

पुण्याला या गोष्टींची जुनी सवय आहे. पुणे ग्नू-लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठका आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारं ग्नुनिफाय हे संमेलन यांतून एक पिढी घडली. तेव्हा लिनक्सची सीडी एकमेकांना देणं हाच मोठा कार्यक्रम असायचा. आज मुलं येतात ती बायोडेटासाठी, अशी जुन्यांची तक्रार असते. मला ती पुरती पटत नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलाने शिकायला येण्यात गैर काय? प्रश्न आल्यावर त्याला काय दिसतं, हा आहे.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते मात्र वाईट होतं. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या कशा झटपट पाठवाव्यात याचा एक व्हिडिओ आपल्या देशात फार पाहिला गेला आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुठे माहितीपत्रकात एक विशेषण वाढवलेलं, कुठे शीर्षकाला उगाच ‘अमेझिंग’ जोडलेलं. मेन्टेनर रात्रभर ते बंद करत बसले. त्याच महिन्यात नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पाने स्वतःहून ‘आम्ही सहभागी आहोत’ म्हटलंय तिथलाच बदल मोजायचं ठरलं. भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्यातून जी शंका आली, ती खऱ्या धडपड्या मुलांना अजून भोगावी लागते.

अशाच एका मुलाशी बोलले. बार्शीचा, सोलापूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवताना त्याने ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करून दहा ओळी स्वतःची ओळख लिहिली होती. पलीकडे ब्राझीलमधली एक बाई होती. तिने ओळख बाजूला ठेवून एवढंच लिहिलं की दुरुस्ती बरोबर आहे, फक्त तिची चाचणीही जोडशील का? चाचणी कशी लिहायची याची जागा दाखवली. त्याला ती लिहायला चार दिवस लागले. हॉस्टेलच्या नेटवर, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून. “तिने घेतला असता ना तसाच, तर मी परत गेलो नसतो,” तो म्हणाला. “तिने मला काम दिलं.”

सूर किती महत्त्वाचा, हे लिनक्सलाही उशिराच उमगलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची रागीट उत्तरं प्रसिद्ध होती, काहींना त्यांचं कौतुकही होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ रजा घेतली. प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्या काळात ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली. काम थांबलं नाही, कारण तो दुसरा माणूस कित्येक वर्षं शेजारीच उभा होता.

पायउतार होण्याची रीत

त्याच वर्षी, १२ जुलैला, पायथन या भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम बाजूला झाले. १९९१ मध्ये पायथन पहिल्यांदा बाहेर आलं तेव्हापासून शेवटचा शब्द त्यांचा होता. मंडळी त्यांना प्रेमाने ‘तहहयात उदार हुकूमशहा’ म्हणत. भाषेत एक नवं चिन्ह आणायचा प्रस्ताव आला आणि वाद इतका कडवट झाला, की तो मंजूर केल्यावर त्यांनी लिहिलं : एखाद्या प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि इतक्या लोकांना माझा निर्णय नकोसा व्हावा, हे आता मला पुरे. वारस मात्र नेमला नाही. कारभार कसा चालवायचा हे तुम्हीच ठरवा, म्हणाले.

पुढचे काही महिने या मंडळींनी भाषेत भर घालण्याऐवजी आपली घटना लिहिली. वेगवेगळे आराखडे मांडले गेले : पुन्हा एकच प्रमुख, तीन जण, मोठी समिती. डिसेंबरमध्ये मतदान होऊन पाच निवडून आलेल्यांच्या सुकाणू समितीचा आराखडा ठरला आणि २०१९ च्या सुरुवातीला पहिली समिती बसली. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक समितीत नसावेत, असं कलम त्यात आहे. पहिल्या पाचांत गिडोही होते, एका मताचे धनी म्हणून.

मला या प्रसंगात एक दुखरी गोष्टही दिसते. वर्षानुवर्षं शिव्या एकट्याने खाल्ल्यावर माणूस उठून गेला, तेव्हाच वाटून घ्यायची व्यवस्था आली. त्याआधी करता आली असती. पायथनकडे निदान कारभार उचलतील अशी डझनावारी जाणती माणसं होती. एक्सझेडकडे नव्हती.

अनाथ आणि दत्तक

वेळेत सोपवून देण्याची सगळ्यांत जुनी आणि मला सगळ्यांत माणुसकीची वाटलेली पद्धत डेबियनमध्ये आहे. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये हे लिनक्स वितरण सुरू केलं. नावात त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि ते स्वतः, दोघं आहेत. १९९६ मध्ये त्यांनी सूत्रं दुसऱ्याच्या हाती दिली. २०१५ च्या डिसेंबरात ते वारले. डेबियन चालूच आहे : सामाजिक करार १९९७ पासून, लेखी घटना १९९८ पासून, प्रमुखाची निवडणूक दर वर्षी.

डेबियनमध्ये हजारो पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार बांधलेली सॉफ्टवेअरं, आहेत आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी पालक असतो. पालकाला झेपेनासं झालं की त्याने काय करायचं, याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी ‘मदत हवी’ असं जाहीर करता येतं. त्याने भागलं नाही तर ‘कुणी दत्तक घेईल का’ असं विचारता येतं, तोवर काम पाहत राहायचं. अगदीच नाही जमलं तर पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदवायचं. शब्द त्यांचेच आहेत. घ्यायची इच्छा असलेल्याने तसं आधी लिहायचं, म्हणजे दोघे एकाच कामाला लागत नाहीत. ही सगळी यादी उघडी असते. तिच्यात नाव येण्यात कमीपणा नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. थकलो असं म्हणायला इथे एक अधिकृत रकाना आहे.

आणि जो काहीच न सांगता गप्प झाला त्याचं? त्यासाठी वेगळा गट आहे. महिनोन्‌महिने हालचाल न दिसलेल्या सभासदाला तो पत्र पाठवतो. बरे आहात ना, वेळ मिळेल का, नसेल तर कुठली पॅकेजेस मोकळी करू? उत्तर नाही आलं तर थांबून पुन्हा विचारतात, मगच पॅकेजेस सोडवून घेतात.

नव्या सभासदाची ओळख पटवायची रीतही प्रत्यक्ष भेटीवर उभी आहे. दोघं भेटतात, ओळखपत्रं पाहतात, एकमेकांच्या डिजिटल किल्ल्यांच्या लांबलचक खुणा अक्षर-अक्षर ताडतात आणि घरी जाऊन त्यांवर आपली सही करतात. डेबियनचं जागतिक संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरलं, भारतात पहिल्यांदाच. अशा संमेलनांत व्याख्यानांपेक्षा या भेटी महत्त्वाच्या असतात. पडद्यावरच्या नावाला एकदा चेहरा मिळाला, की तो गप्प झाल्यावर काळजी वाटते.

दऱ्या सापडत नाहीत

मराठीचं काय, हे बघितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नव्हता. फोनच्या पडद्यावर ‘वऱ्हाड’ नीट उमटतं त्यामागे दोन गोष्टी असतात : अक्षरांचे आकार देणारा फाँट, आणि कुठलं अक्षर कुठे कसं जोडायचं ठरवणारं इंजिन. हार्फबझ नावाचं हे मुक्त इंजिन फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे आहे. फाँटांमध्ये लोहित देवनागरी रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. मुंबईच्या एक टाइपने मुक्ता आणि बालू खुल्या परवान्याने दिले.

पुण्यातल्या एका रविवारच्या बैठकीत एक निवृत्त मुद्रितशोधक आले होते. सगळे त्यांना काका म्हणत होते. तक्रार अशी : हस्तलिखितात ‘दऱ्या’ शोधलं की अर्ध्याच सापडतात, डोळ्यांना तर सगळ्या सारख्या दिसतात. शेजारी एमसीएची एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, “काका, टाइप करताना कुठल्या कळा दाबता? सावकाश दाबून दाखवा.” त्यांनी दाखवल्या. मग त्यांच्या सहलेखकाची फाइल उघडली, तेव्हा उलगडा झाला. आपला पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. चित्र एकच, संगणकाला मात्र शब्द दोन.

पुढचा तास दोघांनी मिळून बग लिहिला, म्हणजे शोधणारं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी चुकीची नोंद केली. काय टाइप केलं, काय अपेक्षित होतं, काय दिसलं. सांभाळणाऱ्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून काकांनी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी दिली आणि र चुकला तर स्वयंपाक्याचा गुरू होतो, हे समजावून सांगितलं. काकांना कोडची एक ओळ लिहिता येत नाही. त्या प्रकल्पाला हवा असलेला माणूस त्या दिवशी तेच होते. मराठी पडद्यावरच्या अशा कितीतरी चुका केवळ यामुळे राहून जातात, की त्या ओळखू शकणाऱ्यांना कळवायची वाट ठाऊक नसते.

भाषांतराचं काम याहून चिवट. ग्नोम डेस्कटॉपची नवी आवृत्ती दर मार्च-सप्टेंबरला येते, दर वेळी नवी वाक्यं घेऊन. इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम हलला तरी जुनं भाषांतर ‘फझी’ ठरतं आणि कुणी ते तपासून पुन्हा पक्कं करेपर्यंत वापरणाऱ्याला इंग्रजीच दिसतं. म्हणजे पुरं झालेलं मराठी हात लावला नाही तर आपोआप मागे पडतं. एकेकाळी हे काम पगारी लोक करत होते. कंपन्यांचं धोरण बदललं की ते थांबतं आणि मग नोकरी-संसार सांभाळून कुणीतरी एकटं ओढत राहतं.

एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी असं ओढणाऱ्या बाई मला ठाण्यात भेटल्या. बरीच वर्षं झाली. सासूबाईंचं आजारपण आणि बढती एकदमच आली, तेव्हा त्यांनी ठरवलं की पूर्ण थकायच्या आत सोपवायचं. कुणाकडे? गेल्या वर्षभरात चुका दाखवल्यावरही जो न रुसता परत येत राहिला त्याच्याकडे. तो बार्शीचा मुलगा. मी गेले तेव्हा तो सोलापूरहून रात्रीच्या गाडीने येऊन पोचला होता. हे काम फोनवर करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समन्वयकाचे अधिकार त्याच्या खात्यात दिल्यावर त्यांनी स्वतःचं नाव लगेच काढलं नाही. दोन आवृत्त्या दोघांच्या नावाने जातील, मग काढेन, म्हणाल्या.

“ताई, माझ्याकडून काही चुकीचं मंजूर झालं तर?”

“मागे फिरवता येतं. मी फिरवलंय कितीदा. पण कुणी पाठवलेलं काम आठ दिवसांहून जास्त उत्तराविना ठेवायचं नाही. ‘अजून पाहिलं नाही’ एवढं तरी लिहायचं.”

सप्टेंबरच्या आवृत्तीची मुदत पंधरवड्यावर आली होती. यादीत वर्ध्याच्या एका शिक्षिकेची पहिलीच फाइल होती, सहाव्या दिवसावर. तीच आधी घ्यायची असं ठरलं. तिसऱ्या वाक्यावर दोघांचं जुळेना, तेव्हा ताई म्हणाल्या, “आता तू ठरव, आणि का ते बाईंना लिही.”